गाय पडली भोकात, नाव लागले साहेबाचे!

शेतकरी बंधुभगिनींनो, आम्ही देव पाहावयास म्हणून निघालो आणि जमिनीचा एक खटला डोक्यात घेऊन परत आलो. तो खटला तुमच्याही कानावर असावा म्हणून आजचा हा लेख.

आंध्र प्रदेशात विशाखापट्टणमपासून सुमारे ९० किलोमीटरवर अनंतगिरीचे डोंगर आहेत. त्या डोंगरात बोर्रा गुहालू नावाची चुनखडीची प्रचंड गुहा आहे. बोर्रा म्हणजे भोक, असे तिकडची मंडळी सांगतात. गुहालू म्हणजे गुहा. गुहेतून गोस्तनी नदी वाहते. आत एक उंचवट्यावर शिवलिंग आहे आणि महाशिवरात्रीला तेथे डोंगरातील लोकांची जत्रा भरते. आम्ही आमच्या बाजूची अकरा माणसे गेलो. त्यांत एक पाथरवट, एक कुंभार, तीन म्हाताऱ्या आणि बाकीचे नांगर धरणारे. वाटेत एक कीर्तनकार बुवा भेटले, तेही सोबत आले.

विशाखापट्टणमहून सकाळी किरंदुलची गाडी निघते ती डोंगर चढू लागते. बोगद्यामागून बोगदा. ही लोहमार्गाची वाट कोणी यात्रेकरूंसाठी किंवा डोंगरातल्या रयतेसाठी केलेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. बैलाडिला डोंगरातील लोखंडाचा दगड विशाखापट्टणमच्या बंदरात आणून जपानला धाडावयाचा, म्हणून १९६० च्या दशकात ती केली गेली. माल जावयाचा म्हणून रूळ पडले, रूळ पडले म्हणून आपणही जातो. गुहेच्या माथ्यावरूनच ती गाडी जाते. खाली महादेव, वर लोखंड!

आता गुहा. तोंडाशी उभे राहिले की प्रथम गार वारा अंगावर येतो आणि मग वटवाघळांचा वास. पायऱ्या उतरत जावे तसतसे छत वर वर जाते. आमच्या गावच्या देवळाचे शिखर आत सहज उभे करता येईल आणि वर कळसावर माणूस चढविता येईल, एवढी जागा. सगळी गुहा सुमारे ८० मीटर खोल सांगतात. विजेचे रंगीत दिवे लावले आहेत. ते नसते तर बरे, असे आम्हास वाटले, कारण दगडाचा स्वतःचा रंग त्यात बुडून जातो. छतापासून दगडाचे लोंबते लोळ खाली आले आहेत, जमिनीतून दगडाचे खुंट वर गेले आहेत आणि काही ठिकाणी दोन्हींची गाठ पडून खांब झाला आहे. कोठे ऋषीची दाढी, कोठे मगर, कोठे माणसाचा मेंदू, कोठे मायलेकरू, अशी नावे वाटाड्या सांगतो. आमच्या एका म्हातारीला त्यात बाजरीचे कणीस दिसले. वाटाड्याने तेही मान्य केले.

आमचा पाथरवट मात्र बोलेना. तो भिंतीवरून हात फिरवीत चालला होता. आम्ही विचारले, तर म्हणाला, “मालक, टाकीची खूण शोधतोय. वेरूळला बोट लावलं की छिन्नी कोणत्या बाजूनं आली ते कळतं. हितं कुणाचा हातच लागला नाही.” त्याने खरे ओळखले. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही आपल्याकडील लेणी काळ्या कातळात माणसांनी घाम गाळून खोदली. बोर्राची गुहा पाण्याने खोदली आहे.

येथे बुवांना स्फुरण चढले. लिंगाकडे जाणाऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर ते म्हणाले, “पाहा! माणसाचा हात नाही म्हणजे स्वयंभू. शास्त्रज्ञ येथे हात टेकतात. येथे दक्षिणेवाचून परत जाणाऱ्याच्या घरी दुभते टिकत नाही.” झाले! तिन्ही म्हाताऱ्यांनी कनवटीला हात घातला. आम्ही म्हाताऱ्यांना अडविले नाही. कष्टाचा पैसा आहे, श्रद्धेने त्यांनी कोठे ठेवावा हा त्यांचा प्रश्न. पण “शास्त्रज्ञ हात टेकतात” हे बुवांचे वाक्य आम्ही तसेच सोडणार नाही. कारण शास्त्रज्ञ तर राहोच, पानाला चुना लावणाऱ्या कोणत्याही माणसास ही गोष्ट घरी करून पाहता येते.

खावयाचा चुना हरभऱ्याएवढा घ्यावा, तांब्याभर पाण्यात कालवावा आणि रात्रभर न हालविता ठेवावा. सकाळी वरची स्वच्छ निवळी काचेच्या पेल्यात अलगद ओतून घ्यावी व तीत तेवढेच साधे पाणी घालावे. मग बोरूची पोकळ नळी किंवा लग्नात सरबताबरोबर देतात ती नळी घेऊन निवळीत फुंकावे. फुंकावे, ओढू नये. चुन्याचे पाणी पोटात किंवा डोळ्यांत जाणे वाईट. पाहता पाहता निवळी दुधासारखी होईल. आपल्या श्वासातील वायू चुन्याला मिळाला आणि त्याची बारीक चुनखडी झाली. आता न थांबता गाल दुखेपर्यंत फुंकीत राहावे. दुधाचे पुन्हा पाणी होऊ लागेल. म्हणजे जो वायू चुनखडी करतो तोच जास्त झाला की पाण्याच्या मदतीने ती विरघळवितो. मग तेच निवळलेले पाणी चुलीवर ठेवावे. वायू उडून जातो आणि चुनखडी पुन्हा दिसू लागते. ज्यांच्या विहिरीचे पाणी जड आहे त्यांच्या हंड्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो, तो हाच.

बोर्राच्या डोंगरात एवढेच घडते. पाऊस पडतो, तो हवेतला आणि झाडांच्या मुळांजवळच्या मातीतला हा वायू घेऊन खाली मुरतो, चुनखडी विरघळवून वाट काढतो. हजारो लाखो वर्षांत त्या वाटेची गुहा होते आणि तिच्यातून नदी वाहू लागते. छतातून जो थेंब टपकतो त्यातला वायू मोकळ्या हवेत निघून जातो व कणभर चुनखडी मागे राहते. थेंबाने थोडी छताला ठेवली, थोडी जमिनीवर. छताची खाली वाढते, जमिनीवरची वर. शाळेच्या पुस्तकात यांस लवणस्तंभ म्हणतात, त्या नावावरून पोरांना हे मिठाचे खांब वाटतात. मीठ नव्हे, चुनखडी. वाढ इतकी मंद की वर्षाकाठी केसाच्या जाडीएवढीही पुष्कळदा होत नाही. बुवा ज्यास स्वयंभू म्हणतात ते स्वयंभूच आहे, पण एका रात्रीत नव्हे. आमच्या खापरपणज्याच्या खापरपणज्याने तो खुंट पाहिला असता तरी त्याला तो आजच्यासारखाच दिसला असता. आम्हाला तर हे ऐकून हात जोडावेसे अधिक वाटले. न वाटले ते एवढेच की थेंबाच्या या कामाची मजुरी भलत्याने घ्यावी.

मजुरीवरून मुख्य गोष्टीकडे येतो.

ही गुहा सापडली कशी? डोंगरातील लोक सांगतात: एक गुराखी गुरे चारीत होता. एक गाय छताच्या भोकातून खाली पडली. पोर तिला शोधीत आत उतरले, तर गाय जिवंत. समोर लिंगासारखा दगड. त्याने गाय राखली असे समजून त्या लोकांनी तेथे पूजा सुरू केली. लिंगावर कामधेनूचा आकार आहे, तिच्या आचळातून पाणी आले आणि गोस्तनी नदी झाली, अशी कथा जोडली गेली. गोस्तनी या शब्दाचा अर्थच गाईचे आचळ. गोष्ट खरी की काव्य, याचा निवाडा आम्ही करीत नाही. पण या गोष्टीत माणूस कोण आहे ते पाहा. गाय आहे, गुराखी आहे आणि डोंगर आहे. साहेब नाही.

आणि छापील पत्रकांत काय असते? “१८०७ साली जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे विल्यम किंग यांनी या गुहांचा शोध लावला.” कोठे नुसते किंग, कोठे किंग जॉर्ज. आम्ही थोडा हिशेब केला. जिऑलॉजिकल सर्व्हे हे खाते स्थापन झाले १८५१ साली. त्या खात्यातील प्रसिद्ध विल्यम किंग हे १८८७ ते १८९४ या काळात त्याचे प्रमुख होते. म्हणजे जे खाते जन्मास आलेच नव्हते, त्या खात्याच्या अंमलदाराने चव्वेचाळीस वर्षे अगोदर गुहा शोधली! आमच्या कुळकर्ण्याने सुद्धा सातबाऱ्यावर एवढी सफाई केली नसेल. मंडळी पिढ्यानपिढ्या ही ओळ उतरवून घेतात आणि कोणास संशय येत नाही, कारण शोध लावणारा गोरा असला की तारीख कोण विचारतो? त्याच गुहेत आंध्र विद्यापीठाच्या संशोधकांना जुन्या अश्मयुगातील दगडी हत्यारे सापडली आहेत, तीस ते पन्नास हजार वर्षांपूर्वीची म्हणतात. म्हणजे साहेबाच्या आधी तेथे किती घरे नांदून गेली! पण शोध साहेबाचा.

हे केवळ तिकडेच घडले असे नाही. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाच्या कप्तानाने “शोधली”. त्याने आपले नाव तेथल्या खांबावर कोरून ठेवले. त्याला वाट दाखविली ती एका गुराखी पोराने, असे सांगतात. त्या पोराचे नाव सांगा पाहू!

कोणी म्हणेल, नावात काय आहे? नावात जमीन आहे, बंधूंनो. ज्याचा शोध त्याची वस्तू, असा जगाचा कायदा चालतो. गुराख्याचे नाव पुसले की डोंगर बेवारस ठरतो आणि बेवारस मालावर हात मारावयास गिऱ्हाईक तयारच असते.

परतीच्या गाडीत असेच एक गिऱ्हाईक आमच्या समोरच्या बाकावर होते. कपडे स्वच्छ, बोलणे गोड. ते म्हणाले, “या डोंगरात उत्तम कॅल्साइट आहे, अभ्रक आहे. हे आदिवासी हजार वर्षे त्यावर बसून आहेत आणि गुरे वळताहेत. कंपनीच्या हाती द्या, सोने होईल.” आम्ही विचारले, “कोणाचे?” तर ते खिडकीबाहेर पाहू लागले.

हा प्रयोग होऊन गेलेला आहे हे त्यांना ठाऊक नसावे. बोर्राचे राखीव जंगल आणि भोवतालची १४ गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तेथे जातापू, परजा, कोटिया, नूकादोरा असे डोंगरी लोक राहतात. आंध्रात १९५९ चा एक नियम आहे, त्यात १९७० मध्ये दुरुस्ती झाली: अशा क्षेत्रातील जमीन आदिवासी नसलेल्यास देता येत नाही. नियम एवढा पक्का की तेथे परक्याच्या ताब्यात जमीन दिसली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती आदिवासीकडूनच आली असे धरावयाचे. आपल्याकडे सावकाराने लाटलेल्या जमिनीस हा नियम लागता तर किती घरे वाचली असती!

असा नियम असूनही सरकारने तेथे खाणीचे पट्टे खासगी कंपन्यांस दिले. युक्तिवाद मोठा मासलेवाईक होता: नियम माणसामाणसांतील व्यवहाराचा आहे, सरकार म्हणजे काही माणूस नव्हे, सबब सरकारला तो लागत नाही. समता नावाची संस्था या लोकांच्या वतीने न्यायालयात गेली. उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दावा काढून टाकला. संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ११ जुलै १९९७ रोजी निकाल लागला. न्या. के. रामस्वामी व न्या. एस. सगीर अहमद या दोघांचे एक मत पडले, न्या. जी. बी. पटनाईक यांचे विरुद्ध पडले. दोघांनी ठरविले की या नियमापुरते सरकार हीही एक व्यक्तीच. अनुसूचित क्षेत्रातील जमीन, मग ती सरकारी म्हणविली तरी, आदिवासी नसलेल्यास किंवा खासगी कंपनीस खाणपट्ट्याने देता येणार नाही. खनिज काढावयाचेच तर ते सरकारी महामंडळाने किंवा आदिवासींच्या सहकारी संस्थेने काढावे. आणि अशा धंद्याच्या निव्वळ नफ्यातील किमान २० टक्के तेथल्या पाणी, शाळा, दवाखाना व रस्त्यांसाठी बाजूला काढावे.

वाचकहो, डोंगरातील चौदा गावांच्या बाजूने लागलेला हा निकाल पुढे साऱ्या देशात गाजला. पण तो लोखंडाच्या पेटीत ठेवला म्हणजे काम झाले असे समजू नका. २००१ मध्ये छत्तीसगडातील अॅल्युमिनियमच्या एका सरकारी कारखान्याच्या विक्रीचा खटला चालला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने या निकालाविषयी मोठी शंका बोलून दाखविली. आयत्या बिळावर नागोबा होऊ पाहणारे तेव्हापासून त्या शंकेचा दोर धरून बसले आहेत.

बाकावरच्या गृहस्थांचा आणखी एक मुद्दा होता: खाण डोंगरात, गुहा वेगळीकडे, मग महादेवाचे काय बिघडते? बिघडते ते असे. गुहा पाझरावर जगते. वरचे झाड तोडले, माती उकरली, की पाऊस मुरण्याऐवजी वाहून जातो. थेंब थांबला की लवणस्तंभ मेला. शिवाय सुरुंगाचा हादरा दगडातून दूरवर जातो, हे विहीर खोदणाऱ्या कोणासही विचारा. आणि गोस्तनी काही गुहेत संपत नाही. ती डोंगर उतरते, ताटीपुडीच्या धरणात अडते, शेते भिजविते, पुढे भीमुनिपट्टणमजवळ समुद्रास मिळते. ताटीपुडीचे पाणी विशाखापट्टणम शहर पिते. म्हणजे जे शहर या लोकांस मागासलेले म्हणते, त्या शहराच्या तोंडचे पाणी याच लोकांच्या जंगलाने राखले आहे. हे ऐकून गृहस्थ म्हणाले, “तुम्ही राजकारण करता.” आम्ही म्हणालो, “आम्ही शेती करतो.”

आता आमचे म्हणणे. पहिले, गुहेविषयी जे काही छापले जाईल त्यात साहेबाची खोटी तारीख काढून टाकावी आणि गुराख्याची गोष्ट, ती गोष्ट आहे असे सांगून, वर घालावी. दुसरे, खाणीच्या नफ्यास जर २० टक्क्यांचे माप लागते, तर गुहेच्या तिकिटास आणि मोटारतळाच्या पावतीस का लागू नये? गुहा हीही त्या डोंगराचीच संपत्ती आहे. किती माणसे आली, किती रुपये जमले, त्यांतले चौदा गावांत किती गेले, हा हिशेब दरसाल ग्रामसभेत वाचला जावा आणि गुहेच्या फाटकावर तेलुगूत ठळक लिहिला जावा. देवाच्या उत्पन्नाचा हिशेब मागणे पाप आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने पंढरपूर आठवावे. तेथील बडवे-उत्पातांचे पिढीजात हक्क संपले यावर २०१४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसला, आणि विठोबा अजून विटेवर उभाच आहे.

गडचिरोली, नंदुरबार, पालघर, नाशिक या बाजूंस जे आमचे वाचक आहेत त्यांस विशेष सांगणे आहे. तुमच्याकडील पुष्कळ गावे याच पाचव्या अनुसूचीत आहेत. जमिनीचे कायदे राज्याराज्यांत निराळे असल्याने आंध्राचा निकाल जसाच्या तसा तुमच्या बांधावर उतरेल असे नाही. परंतु १९९६ चा पेसा कायदा तुमचाही आहे आणि ग्रामसभा तुमचीच आहे. खाणीचा कागद गावात आला तर अंगठा उठविण्याआधी तो मोठ्याने वाचून घ्या. बाया बसल्या नसतील तर सभा भरली असे धरू नका.

ज्यांस बोर्रास जावयाचे आहे त्यांनी पावसाळा सरल्यावर जावे. डोंगर हिरवा असतो व पायऱ्या कमी निसरड्या असतात. चपला घट्ट असाव्यात, म्हाताऱ्या माणसांचा हात धरावा. वाटाड्या बहुधा डोंगरातलाच असतो, त्याला ठरल्यापेक्षा चार पैसे अधिक द्यावेत. दगडाचा तुकडा खिशात टाकू नये. आमच्या मंडळींतील एकाने टाकला होता, तो पाथरवटाने त्याच्याकडून काढून परत ठेवविला. बाहेर बांबूच्या नळीत भाजलेली कोंबडी विकणाऱ्या बाया बसतात. ती चांगली लागते, घासाघीस करू नये. आणि घरी ज्यांचा निवळीचा प्रयोग फसेल, दूध होईल पण पुन्हा पाणी होणार नाही, त्यांनी निवळीत आणखी थोडे साधे पाणी घालून पाहावे. तरी न जमल्यास आम्हांस पत्र टाकावे.